एसवायला समाजशास्त्र घ्यावं का? ‘सामाजिक समस्या’चा पेपर नुसता पाठांतराचा असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातून येऊन-जाऊन एफवायबीए झालं, आता मेजर (म्हणजे आमच्या वेळचं ‘स्पेशल’) ठरवायचंय. समाजशास्त्र आवडतं, पण सिनियर सांगतात की ‘भारतीय सामाजिक समस्या’ म्हणजे गाईड पाठ करा आणि पेपरात ओता. घरी वडील विचारतात, “हाई शिकीसन काय व्हई?”

मी शेजारीच अमळनेरला बीए केलं, पुढे एमएही समाजशास्त्रातच. आता धुळे जिल्ह्यात अकरावी-बारावीला हाच विषय शिकवते. म्हणजे मी या विषयाचीच भाकरी खाते, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सिनियर खोटं बोलत नाहीत. हुंडा, दारिद्र्य, बेरोजगारी, व्यसनाधीनता, कौटुंबिक हिंसा, वृद्धांचे प्रश्न, शेतकरी आत्महत्या: प्रकरण कुठलंही काढा, साचा तोच. अर्थ, व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय. कारणांत अज्ञान, दारिद्र्य, अंधश्रद्धा आणि लोकसंख्यावाढ हे चार मुद्दे टाकले की कोणत्याही समस्येचं उत्तर निम्मं भरतं. उपायांत ‘शासनाने कडक कायदे करावेत’ आणि ‘जनजागृती करावी’. असं लिहून लोक पास होतात, बऱ्या मार्कांनी होतात. तुम्हालाही तेवढंच करायचं असेल तर हा विषय सोपा आहे, बिनधास्त घ्या.

पण त्या साच्यातलं पहिलंच कारण, ‘अज्ञान’, आपल्याच खानदेशावर लावून बघा.

2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 842 मुली होत्या. राज्याचा आकडा 894. आणि नंदुरबारचा 944. आता साक्षरता बघा: जळगाव सुमारे 78 टक्के, नंदुरबार सुमारे 64. केळी-कापसाचा पैसा, रेल्वे, कॉलेजं, दवाखाने सगळं जळगावकडे; मुली मात्र नंदुरबारकडे जास्त. गाईडमध्ये ‘स्त्रीभ्रूणहत्येची कारणे’ म्हणून पहिल्या नंबरला निरक्षरता छापलेली असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ते वाक्य लिहिताना हात अडखळला पाहिजे. माझ्या मते समाजशास्त्र तिथून सुरू होतं.

मग कारण काय? सोनोग्राफीचं मशीन जिथे पैसा आणि डॉक्टर आहेत तिथे आधी पोचतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला होता, देशाचा 1994 मध्ये आला. म्हणजे कायदा नव्हता असंही नाही. शेतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून एक-दोनच मुलं हवीत, त्यातला एक मुलगा हवाच, आणि मुलगी झाली तर लग्नाचा खर्च आतापासून डोळ्यांपुढे. शिकलेलं, हिशेबी, छोटं कुटुंब, तेच या गणितात अडकतं. उलट नंदुरबारची जवळपास 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. भिल्ल-पावरा समाजात लग्नात पैसा मुलाकडून मुलीकडे जातो, त्याला देज म्हणतात. मुलगी शेतात, जंगलात, मजुरीला बरोबरीने कमावते, तिची घरात किंमत वेगळी.

इथेच थांबून ‘देज चांगली, हुंडा वाईट’ असं लिहून टाकलं तर तोही गाईडचाच प्रकार झाला. देज दिली म्हणून बाई नवऱ्याची मालमत्ता समजली जाते, अशी तक्रार त्याच समाजातल्या बायका करतात. त्याच जिल्ह्यात कमी वयातली लग्नं आहेत, कुपोषण आहे, डाकीण ठरवून बाईला छळण्याचे प्रकार आहेत. शिवाय जिल्ह्याची सरासरी फार काही झाकते: शहाद्याचा सपाट बागायती पट्टा आणि धडगावचे डोंगर एकाच आकड्यात बसवलेले असतात. एका आकड्याला एकच कारण चिकटवायचं नाही, हे या विषयात शिकायला मिळतं, आणि ते पाठ करून येत नाही.

आता मुली कमी होण्याचं पुढचं टोक बघा. तुमच्या गावात तिशी ओलांडलेली, शेती असलेली, लग्न न जुळलेली मुलं किती आहेत? पारावर त्यांच्यावर विनोद होतात, आया नवस करतात, कुणी दलालामार्फत बाहेरून मुलगी आणतो आणि फसतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये एक फरक मांडला, तो एसवायच्या पहिल्या महिन्यातच तुमच्या समोर येईल: एकट्याची अडचण वेगळी आणि समाजाचा प्रश्न वेगळा. एका मुलाचं लग्न जुळत नसेल तर त्याचा स्वभाव, शिक्षण, पत्रिका बघा. गल्लीगल्लीत पाच-पाच जण राहिले असतील तर पत्रिका बघून भागणार नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या (आणि न जन्मलेल्या) मुली मोजाव्या लागतील, शेतीचा भाव बघावा लागेल, ‘पुण्यात नोकरी असलेलाच पाहिजे’ असं मुली का म्हणतात तेही ऐकावं लागेल. माझ्या वर्गातल्या मुलींना हा मुद्दा मुलांपेक्षा लवकर कळतो.

शेतकरी आत्महत्येचं प्रकरणही असंच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्ये आत्महत्येवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की अमुक माणसाने का केलं याच्या मागे लागू नका. अमुक समाजात, अमुक काळात प्रमाण का वाढतं ते विचारा. हे पुस्तकात असतंच. पण आपल्याकडे त्याच्या आधीचा प्रश्न आहे: शेतकरी कोण, हे ठरवतं कोण? आत्महत्या झाली की कागदं जमतात, सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, मग समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते आणि पात्र असेल तर एक लाखाची मदत. वडिलांच्या नावावर जमीन असलेला मुलगा, कसायला घेऊन शेती करणारा भूमिहीन, सावकाराचं तोंडी कर्ज असलेला, आणि आयुष्यभर कापूस वेचूनही उताऱ्यावर नाव नसलेली बाई, हे त्या कागदांत कसे बसतात ते बघा. सरकारी आकडा वापरायचाच, पण तो कुठल्या गाळणीतून आला ते आधी विचारायचं. माझ्या मते हा एक धडा नीट कळला तर तीन वर्षांची फी वसूल.

स्थलांतराबद्दल तर खानदेशातल्या विद्यार्थ्याला परदेशी उदाहरण द्यायची गरजच नाही. सुरतमधल्या लिंबायत-उधन्यात अहिराणी ऐकू येते, तुमच्याही नात्यातलं कुणी तिथे असेलच. आणि दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या गावांतून मुकादमाची (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते गुजरातेतल्या बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे माणूस मोजायचं एकक: नवरा-बायकोची जोडी, कुठे सोबत एक हाताशी आलेलं पोर. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर याच खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास केला. स्थानिक मजूर असताना कारखाने बाहेरून टोळ्या का आणतात, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. उत्तर असं की दूरवरून आलेला, उचलीने बांधलेला, पालं ठोकून राहणारा मजूर दिवस-रात्र हाताशी असतो आणि भाव करत नाही. आपल्याकडे मात्र पेपरात लिहितात: ‘स्थलांतराचे कारण – दुष्काळ’. दुष्काळ नसलेल्या वर्षीही टोळ्या जातात, ते कसं?

विचारवंतांची नावं तुम्हाला पाठ करावी लागतीलच, त्यातून सुटका नाही. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मालवणचे, मुंबई विद्यापीठात त्यांनी हा विषय उभा केला; आदिवासींना ते ‘मागासलेले हिंदू’ म्हणत, आणि सातपुड्यात राहणाऱ्या कुणालाही त्यावर बोलण्यासारखं भरपूर आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं) आणि प्रभुत्वशाली जात (गावात संख्या, जमीन आणि सत्ता हातात असलेली जात) या दोन कल्पना घेऊन आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक एकदा बघा. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे असं दाखवलं; व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बायोडाटे वाचताना ते आठवतं. आणि अभ्यासक्रमात असो-नसो, धुळ्याच्या शरद पाटलांना वाचा. वर्ग, जात आणि स्त्रीदास्य एकत्र धरून विचार करणारा हा माणूस तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहत होता. भाषा अवघड आहे, पहिल्या वाचनात सगळं कळणार नाही.

‘व्यसनाधीनता’ प्रकरण वाचताना शहाद्याची श्रमिक संघटना शोधून वाचा. 1972 मध्ये भिल्ल शेतमजुरांनी उभी केली, अंबरसिंग सुरतवंती हे त्यातलं मोठं नाव. जमीन आणि मजुरीसाठी सुरू झालेल्या त्या चळवळीत बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. गाईडमध्ये दारू म्हणजे वाईट संगत आणि मनाचा कमकुवतपणा. त्या बायकांना मात्र ती मजुरी, मारहाण आणि मालक यांच्याशी बांधलेली दिसत होती. कुणाचं निदान जास्त समाजशास्त्रीय, ते तुम्हीच ठरवा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट (प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायची पाहणी) आहे. बरीच मुलं तो घरी बसून भरतात, प्रश्नावल्यांवर वेगवेगळ्या पेनांनी बरोबरच्या खुणा करतात. (शिक्षकांना ते कळतं. सगळ्या शाया वेगळ्या आणि हस्ताक्षर एकच असतं.) तुम्ही खरा करा, छोटा करा. हुंड्यावर करायचा असेल तर ‘हुंडा दिला का?’ असं विचारू नका. 1961 पासून तो गुन्हा आहे, ‘नाही’ याशिवाय उत्तर येणार नाही. ‘लग्न कसं झालं, कोणी काय काय केलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग ‘हुंडा नाही घेतला हो, फक्त लग्न करून दिलं त्यांनी’, ‘गाडी तर मुलीसाठीच दिली’, ‘सोनं तिचंच ना’ असं एकेक बाहेर येतं. वहीत आकडे आपोआप भरतात. बायकांशी बोलायचं असेल तर सोबत बहीण किंवा वर्गमैत्रीण न्या, आणि सासूसमोर सुनेला विचारू नका.

दुसरं, तुम्ही कोणत्या गल्लीतले आहात ते गावाला माहीत असतं. पाटलांच्या वाड्यावरचा मुलगा भिलाटीत (भिल्लांच्या वस्तीत) वही घेऊन गेला तर त्याला घरकुलाची यादी करणारा समजतात नाहीतर मालकाचा माणूस, आणि उत्तरं त्या हिशेबाने मिळतात. हे टाळता येत नाही, पण अहवालात लिहून ठेवता येतं. नावं मात्र लिहू नका. ‘क्ष’, ‘य’ पुरेसं आहे. गाव लहान, तेवढ्यावरूनही ओळखतात.

वडिलांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो रास्त आहे. नुसत्या बीए समाजशास्त्रावर थेट नोकरी लागत नाही. दहावीपर्यंत हा विषय वेगळा शिकवलाच जात नाही, त्यामुळे शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर मराठी, इतिहास-भूगोलवाल्यांना जास्त वाव. अकरावी-बारावीला एमए आणि बीएड लागतं, वर सेट-नेट झाली तर सिनियर कॉलेज. आणि भरती कशी आणि किती वर्षांनी होते ते तुमच्या कॉलेजातल्या तासिका तत्त्वावरच्या सरांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा खरं सांगतील. संस्थांमध्ये, सर्वेक्षणांत, प्रकल्पांत कामं मिळतात, बहुतेक कंत्राटी. त्या बाजूला जायचं असेल तर बीएनंतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करा, तिथे एमएपेक्षा त्या पदवीला जास्त विचारतात. स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर यूपीएससीत समाजशास्त्र हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे, आणि 2025 पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली, तिथेही तो घेता येतो. पण ‘स्पर्धा परीक्षेला उपयोगी’ एवढ्याच कारणाने घेऊ नका. परीक्षेच्या रांगेत चाळिशीपर्यंत उभी असलेली मुलं तुमच्याही गावात आहेत. खरं तर प्रोजेक्टला तो विषय वाईट नाही.

तर माझं मत: घ्या, पण दोन गोष्टी आधी बघून. तुमच्या कॉलेजात या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक आहेत का, आणि मागच्या बॅचचा फील्ड प्रोजेक्ट खरंच कॉलेजबाहेर गेला होता का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पारोळ्याहून अमळनेर किंवा धुळे काही लांब नाही, तिथल्या कॉलेजात बदली घेता येते का ते ऑफिसात विचारा. मुदत संपायच्या आत विचारा, क्लार्कभाऊ नंतर ऐकत नाहीत.

आणि प्रोजेक्ट स्थलांतरावर घ्यायचा झाला तर पाहणी दिवाळीआधी उरकून घ्या. नंतर टोळ्या निघून जातात, घरी फक्त म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं भेटतात. त्यांच्याशीही बोला, पण त्यासाठी प्रश्नावली वेगळी करावी लागेल.