'प्रॉग्नोसिस'ला 'निदान' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की यकृताच्या कॅन्सरवरच्या एका मराठी लेखात "या जनुक नियामकाची पातळी कमी असेल तर रुग्णाचं निदान वाईट असतं" असं वाक्य आहे, त्यातले 'नियामक' आणि 'निदान' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत का.

'निदान' चुकलंय, आणि चूक साधी नाही, कारण घरात पेशंट असलेला माणूस हे वाचेल आणि त्याला वाटेल की रोग ओळखण्यातच काहीतरी घोळ झालाय. निदान म्हणजे डायग्नोसिस, रोग कुठला ते ओळखणं (आयुर्वेदाच्या निदानपंचकात तर निदान म्हणजे रोगाचं कारण, आजचा अर्थ नंतर रुळलाय). प्रॉग्नोसिस म्हणजे ओळखून झाल्यावर पुढे काय, गाठ किती वेगाने वाढेल, ऑपरेशननंतर रोग उलटेल का, पेशंट किती काळ काढेल. आयुर्वेदात याला साध्यासाध्यता म्हणतात, सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. यातला 'याप्य' मला फार मोलाचा वाटतो, म्हणजे पूर्ण बरा होत नाही पण उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहतो तो रोग, आजच्या कितीतरी कॅन्सरना हा शब्द चपखल बसतो आणि आपण तो विसरून गेलोय.

परिभाषेत 'पूर्वानुमान' आहे, ते चालेल, पण सगळ्यांसाठी लिहिताना मी 'आजाराची संभाव्य वाटचाल' असं लिहीन. 'भाकीत' किंवा 'भविष्य' मात्र नको, कारण हे आकडे शेकडो पेशंटच्या गटावरून काढलेले असतात, समोरच्या एका माणसाचं नशीब त्यात लिहिलेलं नसतं.

'नियामक' बरोबर आहे. जेकब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये रेग्युलेटर जीनची, म्हणजे दुसऱ्या जनुकांचं काम ठरवणाऱ्या जनुकाची, कल्पना मांडली तिथपासूनची ही संकल्पना. 'नियंत्रक' मला खटकतो, कारण आपल्याकडे नियंत्रण म्हटलं की आवर घालणंच डोक्यात येतं आणि जनुकांचे नियामक पंख्याच्या रेग्युलेटरसारखे असतात, काम वाढवतात पण आणि कमी पण करतात. यकृतातच बघा, मिक नावाचं प्रोटीन पेशींच्या वाढीला जोर देतं, आणि मायक्रोआरएनए-१२२ (मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचं काम आवरणारे आरएनएचे छोटे रेणू), जो निरोगी यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी साधारण ७० टक्के एकटाच असतो, तो गाठीला रोखून धरतो. उंदरांमधून तो काढून टाकला तर त्यांना यकृतात गाठी झाल्या, आणि पेशंटमध्येही तो घटलेला असला की रोग जास्त पसरलेला आढळतो. म्हणून नुसतं 'नियामक' लिहून भागत नाही, वाढवणारा की रोखणारा ते क्रियापदातनं कळलं पाहिजे.

मी ते वाक्य असं लिहीन: "गाठीची वाढ रोखणारा हा नियामक ज्यांच्यात कमी होता, त्यांच्यात आजार पुढे लवकर बळावलेला दिसला." 'असतं' काढून 'दिसला' मुद्दाम घातलंय, 'असतं'ने नियम ठरतो आणि 'दिसला'ने फक्त अभ्यासात काय आढळलं तेवढंच सांगितलं जातं.