शेऱ्याचा रकाना

आपण विचारले आहे की, ज्या पक्षाला मत द्यावे तोच फुटतो, ज्या उमेदवाराला निवडून द्यावे तो वर्षभरात समोरच्या बाकावर जाऊन बसतो आणि गावचा रस्ता मात्र होता तसाच राहतो. मग अशा व्यवस्थेवर नाराज असलेल्या नागरिकाने मतदानालाच न जाणे हा प्रामाणिक निषेध नव्हे काय? प्रश्न रागातून आला आहे आणि राग रास्त आहे. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे मला तत्त्वचर्चेपेक्षा निवडणुकीच्या कागदपत्रांत अधिक सापडली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. निवृत्त होईपर्यंत सात निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले, त्यांपैकी चार वेळा केंद्राध्यक्ष म्हणून.

मतदानाच्या दिवशी पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे मतदार यादीची एक प्रत असते, तिला आम्ही 'मार्क कॉपी' म्हणतो. मतदार आला की त्याच्या नावाच्या चौकटीत रेघ मारली जाते. संध्याकाळी ती यादी चाळताना काही चौकटींवर रेघ दिसते आणि काही कोऱ्या दिसतात. या कोऱ्या चौकटींत गेल्या वर्षी वारलेले आजोबा असतात, लग्न होऊन सासरी गेलेली पण यादीतून नाव न कमी झालेली मुलगी असते, कारखान्याच्या फडावर असलेले ऊसतोड जोडपे असते, सुट्टी लागून आल्यामुळे महाबळेश्वरला गेलेले कुटुंब असते, आणि व्यवस्थेचा संताप आल्यामुळे ठरवून घरी बसलेला एखादा विचारी माणूसही असतो. या सर्वांची चौकट सारखीच कोरी असते. आपला निषेध कितीही जळजळीत असला, तरी त्या कागदावर तो मृत्यू, स्थलांतर आणि सहल यांच्याच रांगेत जाऊन बसतो.

याउलट, जो मतदार केंद्रावर येतो, १७-अ क्रमांकाच्या नोंदवहीत सही करतो आणि मग 'मला मत द्यायचे नाही' असे सांगतो, त्याच्यासाठी १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९-ओ हा नियम आहे. केंद्राध्यक्षाने त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करायची आणि मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. दिवसाअखेर १७-क या नमुन्यात मतांचा हिशेब लिहिताना अशा मतदारांची संख्या वेगळ्या ओळीत द्यावी लागते. म्हणजे नकार नोंदवण्याची सोय पूर्वीपासून होती. तिचा दोष इतकाच होता की, नकार देणारा सर्वांच्या देखत नकार देत असे आणि गावात त्याचा अर्थ लावायला फार वेळ लागत नसे. माझ्या साऱ्या नोकरीत असा नकार देणारा मतदार मला एकदाच भेटला. बाहेर बसलेल्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी त्याला दुपारपर्यंत सोडले नाही, असे नंतर कळले.

हाच दोष दूर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला, आणि आपण ज्याला सरसकट 'नोटा' म्हणतो तो पर्याय त्याच वर्षाच्या शेवटी झालेल्या पाच राज्यांच्या निवडणुकांत पहिल्यांदा वापरला गेला. मत न देण्याचा हक्क कायद्याला अमान्य आहे असेही नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७९ मध्ये 'निवडणूकविषयक हक्क' या संज्ञेच्या व्याख्येतच मत देण्याबरोबर मत देण्यापासून दूर राहण्याचाही उल्लेख आहे. त्यामुळे घरी बसणाऱ्याला कोणी गुन्हेगार ठरवू नये. मतदान सक्तीचे करावे असेही मला वाटत नाही; गुजरातने स्थानिक संस्थांपुरता तसा कायदा केला होता, त्याला २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने स्थगिती दिली ती बरीच झाली. हक्क आहे हे मान्य. त्या हक्काने साधते काय, एवढाच माझा मुद्दा आहे.

काहींचे म्हणणे असे असते की, मतदान फार कमी झाले तर निवडून आलेल्याची नैतिक अडचण होते. आपल्या कायद्यात निवडणूक वैध ठरण्यासाठी किमान मतदानाची कोणतीही अट नाही. एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगर लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बहिष्काराचे आवाहन आणि हिंसाचार यांच्या छायेत सुमारे ७ टक्के मतदान झाले. शंभरातले त्र्याण्णव मतदार आले नाहीत. तरीही फारूक अब्दुल्ला रीतसर विजयी झाले, त्यांनी शपथ घेतली आणि ते संसदेत बसले. त्यांना मिळालेले अधिकार सत्तर टक्के मतदानातून आलेल्या खासदाराच्या अधिकारांपेक्षा तसूभरही कमी नव्हते. नैतिक अडचण ही ज्याला वाटते त्यालाच वाटते.

त्याहून व्यवहारी बाजू अशी की, राजकीय पक्ष या कोऱ्या चौकटी आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात. केंद्रात बसलेला प्रत्येक मतदान प्रतिनिधी आपल्या जवळच्या यादीत खुणा करत असतो, आणि कोणत्या गल्लीतले, कोणत्या सोसायटीतले लोक येतात व कोणते येत नाहीत हे दोन निवडणुकांत त्याला पाठ होते. जे येतच नाहीत त्यांच्यासाठी पैसा, वेळ आणि आश्वासन खर्च करण्याइतका तो भोळा नसतो. शिवाय मतदानाच्या आदल्या रात्री ज्याला आपल्याकडे 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात, त्याचे गणितही साधे आहे: सोळाशे मतदारांच्या यादीतले बाराशे येणार असतील तर जिंकायला जेवढी मते विकत घ्यावी लागतात, त्यापेक्षा आठशेच येणार असतील तर कमी लागतात. विकले न जाणारे, विचार करणारे, चिडलेले मतदार जितके घरी बसतील तितकी विकत घेतलेल्या मताची ताकद वाढते. आपण ज्या गोष्टीचा निषेध करू पाहतो तिलाच आपली गैरहजेरी स्वस्त करून देते, ही या निषेधाची मला सर्वांत मोठी खोट वाटते.

येथे एका गोष्टीचा प्रांजळपणे अपवाद केला पाहिजे. एकट्याने घरी बसणे वेगळे आणि गावाने ठराव करून, मागणी लेखी देऊन मतदानावर बहिष्कार टाकणे वेगळे. मेळघाटातील काही गावांनी रस्ते, पाणी आणि वीज यांच्यासाठी अशी पावले उचलली आहेत. नवी मुंबईच्या वेशीवरील चौदा गावांनी महापालिकेत समावेशाच्या मागणीसाठी ग्रामपंचायत निवडणुकांवर बहिष्कार टाकला होता. मी स्वतः अशा एका केंद्रावर दिवस काढला आहे. सकाळी सहाला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, घेतले, यंत्राला मोहोर लावली आणि सात ते अकरा शाळेच्या व्हरांड्यात चिमण्यांखेरीज कोणी फिरकले नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्याला दर दोन तासांनी कळवायचा आकडा 'शून्य' असा सांगताना माझाच आवाज बारीक होत होता. बाराच्या सुमारास तहसीलदारांची गाडी आली, मागोमाग गटविकास अधिकारी आले, पारावर बैठक झाली, ओढ्यावरच्या पुलाचे लेखी आश्वासन दिले गेले आणि तीननंतर रांग लागली. ज्या पुलासाठी त्या गावाने अकरा वर्षे अर्ज केले होते त्याच्याकडे प्रशासन तीन तासांत वळले, हे मी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे बहिष्काराचा कधीच काही उपयोग नसतो असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या बहिष्काराला मागणी होती, तारीख होती, सही करणारे लोक होते आणि तो मागे घेण्याची वाटही होती. त्यातही सर्व काही गोड नव्हते. वस्तीवरच्या चार घरांना सकाळीच मत द्यायचे होते आणि गावाच्या भीतीने ती माणसे बाहेर पडली नाहीत, हे मला त्यांच्यातल्याच एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पुढे सांगितले. 'सगळेच सारखे' या भावनेतून शहरातल्या सदनिकेत एकट्याने पाळलेल्या बहिष्काराला यांतले काहीच नसते. त्याच्याकडे वाटाघाटी करायला कोणता तहसीलदार येणार?

आपल्याकडे बहिष्काराचा मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, आणि त्यातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. १९१९ च्या सुधारणांनुसार प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका १९२० च्या नोव्हेंबरात झाल्या, त्यांवर काँग्रेसने असहकाराचा भाग म्हणून बहिष्कार घातला. टिळकांचा कल मृत्यूपूर्वी वेगळा होता. मिळेल ते घेऊन उरलेल्यासाठी भांडायचे, ही त्यांची प्रतियोगी सहकारितेची भूमिका होती आणि त्यांच्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाने निवडणुका लढवण्याची तयारी चालवली होती. बहिष्कारामुळे कायदेमंडळे रिकामी राहिली नाहीत. नेमस्त आणि ब्राह्मणेतर पुढारी तेथे गेले, आणि १९२३ मध्ये स्वतः काँग्रेसमधील स्वराज्य पक्षालाही आत जावेसे वाटले. या मधल्या काळात मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने पुढे त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. ते कायदेमंडळ अपुरे होते, मूठभरांच्या मतांवर निवडलेले होते आणि त्याचे अधिकारही तुटपुंजे होते. असमाधानी असण्याची आजच्यापेक्षा शंभर पट कारणे तेव्हा होती. तरी महाडच्या सत्याग्रहींच्या हातात जो सरकारी कागद होता तो त्याच अपुऱ्या सभागृहातून आलेला होता.

आता 'नोटा'कडे वळतो, कारण आपला पुढचा आक्षेप मला दिसतो आहे: नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी लोकसभा-विधानसभेत निकाल बदलत नाही, मग रांगेत उभे राहून काय मिळवले? आक्षेप खरा आहे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते मिळवून जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, २७,५०० मतांसह नोटा होता. त्याच वर्षी पलूस-कडेगावमध्येही नोटाच दुसरा आला. दोन्हीकडे विजयी उमेदवाराला काही फरक पडला नाही. पण हे आकडे आज मी आपल्याला सांगू शकतो, कारण ते नोंदले गेले. तेच मतदार त्या दिवशी घरी बसले असते तर 'लातूर ग्रामीणमध्ये मतदान थोडे घटले' एवढीच बातमी झाली असती, आणि घट पावसामुळे झाली असे कोणीतरी म्हटले असते.

नोंदलेल्या आकड्याचे पुढे काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील बोरी ग्रामपंचायतीत सुमारे ८५ टक्के मते नोटाला पडली होती, आणि त्याच जिल्ह्यातील मानकरवाडीत ३३० वैध मतांपैकी २०४. अशा निकालांचा आधार घेऊन राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला की, नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास कोणालाही विजयी घोषित न करता तेथे फेरनिवडणूक घ्यावी. फेरनिवडणुकीतही तसेच झाले तर मात्र उमेदवारांतील पहिला विजयी ठरतो, त्यामुळे हे हत्यार अर्धेच धारदार आहे. तरी जे काही मिळाले ते केंद्रावर गेलेल्या नाराज माणसांमुळे मिळाले. न आलेल्यांच्या संख्येवरून असा कोणताही नियम बदललेला माझ्या पाहण्यात नाही.

राहिला पक्षफुटीचा मुद्दा, जो आपल्या प्रश्नाचा गाभा आहे असे मला वाटते. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात जे झाले त्यानंतर 'माझे मत गेले कुठे' हा प्रश्न प्रत्येक बाजूच्या मतदाराला पडला, आणि पक्षांतरबंदीचा कायदा त्याचे समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही. पण त्यानंतरचे वर्ष पाहावे. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि सहाच महिन्यांत विधानसभेत महायुतीला २८८ पैकी २३०. या दोन निकालांचा अर्थ प्रत्येक जण आपल्या कलाने लावतो, मीही लावतो, तो येथे सांगत नाही. सांगायचे इतकेच की, हा सारा वाद आलेल्या मतदारांविषयी चालला आहे. त्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला आणि तेथे निम्म्याच्या आसपासच मतदान झाले होते. उरलेल्यांचे मत काय होते याची चौकशी कोणत्याही पक्षाने केली नाही. एरवी 'एका मताने इतिहास बदलतो' छापाचे उपदेश मला आवडत नाहीत, बहुतेक निकाल हजारोंच्या फरकाने लागतात.

म्हणून आपल्याला माझे सांगणे असे आहे: सहन होण्यासारखा उमेदवार असेल तर त्याला मत द्यावे, एकही नसेल तर यंत्रावरचे शेवटचे बटण दाबावे, आणि यंत्राला हातही लावायचा नसेल तर ४९-ओ अन्वये नकार नोंदवावा, केंद्राध्यक्ष कुरकुरला तरी तो नोंद करण्यास बांधील आहे.

हे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्याला टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ भरून द्यावा लागतो. प्रशिक्षणाच्या दिवशी तो हातात मिळतो, आणि पहिल्या दोन निवडणुकांत मी तो पिशवीत तसाच घेऊन घरी आलो. राग वगैरे काही नव्हता, निव्वळ आळस होता. माझ्या गावच्या यादीत त्या दोन्ही वर्षी माझी चौकट कोरी राहिली असणार. ती का कोरी राहिली, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.