आधी जंगल, मग तळं

प्रश्न: ताई, आम्ही तिघं, मी, मिस्टर आणि १० वर्षांची लेक, दिवाळीच्या सुट्टीत आफ्रिकेत जायचं म्हणतोय. केनिया बजेटमध्ये बसत नाही म्हणून मलावी बघतोय, तिथे म्हणे तळ्यालाच बीच आहेत. १० दिवसांत बीच आणि सफारी दोन्ही होईल का? आणि त्या पाण्यात उतरलं की आजार होतो म्हणतात ते खरंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: लेकीला लेक दाखवायचा बेत एकदम झकास! होईल की आरामात, फक्त क्रम उलटा करू नका, आधी जंगल आणि मग तळं, कारण सफारीत पहाटे उठून उठून जीव दमतो आणि बीचवर लोळल्यावर परत पहाटेचा गजर नको वाटतो. अदिस अबाबामार्गे ब्लँटायरला उतरा, तिथून लिवोंडे नॅशनल पार्क दोनेक तासांवर, तीन रात्री राहा. मलावी तळ्यातून निघालेली शिरे नदी याच पार्कमधून वाहते, त्यामुळे जीपबरोबर बोटीतूनही सफारी होते, पाणघोडे आणि मगरी इतक्या की मोजायचा कंटाळा येतो, हत्ती तर पाण्यावर येतातच. सिंह २०१८मध्ये परत आणून सोडलेत, पण दिसतीलच असं लेकीला प्रॉमिस करू नका. मग तीनेक तासांवर तळ्याकाठच्या केप मॅक्लिअर गावाला चार-पाच रात्री, आणि परतीचं विमान राजधानी लिलाँग्वेहून, म्हणजे उलटं यायला नको.

दिवाळीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. ऑक्टोबरला पाणवठे आटलेले म्हणून प्राणी नदीकाठी गोळा होतात, दिसतात भरपूर, पण खाली शिरेच्या खोऱ्यात उकाडा भयंकर, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर पाऊस सुरू होऊ शकतो. शाळेतून रजा मिळत असेल तर सप्टेंबर बेस्ट. मे ते जुलै थंडी छान, पण तेव्हा म्वेरा नावाचा दक्षिणेचा वारा सुटतो आणि तळं समुद्रासारखं खवळतं, आणि तळं तरी केवढं, लांबी साडेपाचशे किमीच्या वर!

आजाराचं खरं आहे. बिल्हार्झिया म्हणतात, गोगलगायीतून येणारे जंतू कातडीतून आत शिरतात. म्हणून लव्हाळ्यात, गावाजवळच्या साचल्या पाण्यात उतरू नका, बोटीने खडकाळ बेटांकडे जा, तिथे धोका कमी, शून्य नाही हं. परत आल्यावर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांना सांगून टेस्ट करा, गोळीने बरा होतो, घाबरायचं कारण नाही. खरी काळजी मलेरियाची, त्याच्या गोळ्या जायच्या आधीच सुरू कराव्या लागतात आणि आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात, मुलीचा डोस वजनावर असतो. आफ्रिकेत विमान बदलणार म्हणून पिवळ्या तापाची लसही घ्या, निघायच्या निदान १० दिवस आधी, कारण लशीचं कार्ड मिळतं ते १० दिवस झाल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत.

आणि मास्क, स्नॉर्केल घरून न्या. निळे-पिवळे सिक्लिड मासे पायाशी येतात, त्यातल्या कितीतरी जातींत आई पिल्लं तोंडात सांभाळते, ते मुलीला आधी सांगून ठेवा, मग लेकीला पाण्याबाहेर काढणंच अवघड जाईल! शाकाहारी असाल तर न्सिमा म्हणजे आपली मक्याच्या पिठाची घट्ट उकडच, सोबत घेवड्याची उसळ मागा, आणि लसणाची चटणी बॅगेत टाकाच.