गंधविचार : कुपीतला जुना निशिगंध

प्रश्न : मावशीच्या कपाटात मला ‘फ्राका’ या परफ्यूमची जुनी, अर्धी भरलेली कुपी सापडली. आतला द्रव गडद तांबूस झाला आहे. मनगटावर थेंब लावताच नेलपॉलिशसारखा दर्प आला आणि त्याच्या पाठोपाठ डांबरगोळ्यांचा वास जाणवला, म्हणून मी लगेच हात धुतला. परफ्यूम खराब झाले आहे का? नसेल, तर त्याचा आस्वाद कसा घ्यावा?

उत्तर : हात धुण्याची तुम्ही जरा घाईच केलीत. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी बिघाडाचे लक्षण एकच, आणि तेही वरवरचे. लिंबूवर्गीय फळांच्या सालींची तेले आणि तत्सम चटकन उडून जाणारे घटक हवेच्या संपर्काने सर्वांत आधी बिघडतात, आणि अर्ध्या रिकाम्या कुपीत त्यांना हवा भरपूर मिळते. नेलपॉलिशचा दर्प बहुधा त्यांचाच असतो. दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरतो आणि त्याच्याखालचे जड घटक अनेकदा सुस्थितीत सापडतात.

डांबरगोळ्यांचा वास मात्र खुद्द फुलाचा, म्हणजे ‘फ्राका’तल्या निशिगंधाचा, आहे. चमेली, मोगरा, निशिगंध यांच्या नैसर्गिक सुगंधात इंडोल नावाचे द्रव्य असते. ते एकटे आणि तीव्र हुंगले, तर डांबरगोळ्यांची, काहींना तर विष्ठेचीही आठवण होते. पण तेच अल्प प्रमाणात इतर घटकांत मिसळले की फुलाला मांसलपणा येतो, आणि काढून टाकले की मागे उरतो तो साबणाच्या वडीतला निर्मळ, निर्जीव मोगरा. निशिगंधाचा एक दांडा फुलदाणीत ठेवून दुसऱ्या रात्री सावकाश हुंगून पाहा. वरच्या, नुकत्या उमललेल्या फुलांत दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमासारखी थंड, औषधी छटा सापडेल, कारण त्या मलमातले मिथाइल सॅलिसिलेट या फुलातही असते. आणि तळाच्या, कडेने तपकिरी पडू लागलेल्या फुलांशी नाक नेलेत, तर लोणी, खोबरे आणि किंचित कुजकेपणा एकत्र भेटतील. हा कुजकेपणा ज्याला खपत नाही, त्याने जुन्या पांढऱ्या फुलांच्या परफ्यूमच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिला रंग. इंडोल आणि पांढऱ्या फुलांतलेच मिथाइल अँथ्रॅनिलेट यांची परफ्यूममधल्या अल्डिहाइड नावाच्या सुगंधी रसायनांशी हळूहळू अभिक्रिया होऊन द्रव गडद होत जातो, त्यामुळे नुसत्या तांबूसपणावरून परफ्यूम टाकून देऊ नये.

‘फ्राका’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच गोंगाट. पॅरिसमधल्या रोबेर पिगे यांच्या फॅशनगृहासाठी जेर्मेन सेलिए यांनी 1948 मध्ये ते रचले. परफ्यूमची रचना करणाऱ्या स्त्रिया त्या काळी अगदी मोजक्या होत्या, आणि सेलिए यांना बेताने, जपून काम करणे मानवत नसे, हे त्यांच्या 1944 च्या ‘बँडिट’ या चामड्याच्या वासाच्या रचनेवरूनही दिसते. ‘फ्राका’मध्ये त्यांनी निशिगंध मध्यभागी ठेवला आणि त्याची लोण्यासारखी बाजू संकोच न करता मोठी केली.

आता आस्वादाविषयी. एक लहान थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा, चोळू नका आणि वीस मिनिटे नाक जवळ नेऊ नका. दुसरा थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवा. त्वचेच्या उबेने सुगंध लवकर उलगडतो, तर कागदावर त्याचे टप्पे सावकाश वेगळे करता येतात. वीस मिनिटांनी, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पुन्हा हुंगा. तासाभरानंतरही फूल कुठेच न लागता केवळ खवट तेलाचा वास येत राहिला, तर मात्र कुपी केवळ शोभेची उरली असे समजावे. हवेने बिघडलेल्या सालींच्या तेलांनी काहींच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा पहिला प्रयोग कागदावरच केलेला बरा. आणि इतका गडद द्रव पांढऱ्या कपड्यावर डाग पाडतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : हेच परफ्यूम आज नवे घेतले, तर वास तसाच येईल का?

उत्तर : ओळख पटेल, पण हुबेहूब तसा येणार नाही. जुन्या काळच्या काही कस्तुरीसदृश कृत्रिम द्रव्यांवर, उदाहरणार्थ मस्क अँब्रेटवर, पुढे सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदी आली, आणि त्यांच्या जागी आलेल्या द्रव्यांनी परफ्यूमचा शेवट पालटला. दोन्ही हाती असतील, तर दोन हातांवर एकेक लावून तिसऱ्या तासाला ताडून पाहा. फरक तिथे अधिक कळतो. जुनी कुपी मात्र न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका. उरलेला द्रव लहान, काठोकाठ भरेल अशा काचेच्या बाटलीत काढा आणि ती बाटली अंधाऱ्या, थंड कप्प्यात उभी ठेवा.