अमेरिकेतल्या शाळा-जिल्ह्यांनी (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) वर्ग लहान करावेत की शिक्षकांचा पगार वाढवावा?

पैसा एकच आहे, म्हणून आधी हिशेब मांडा. ६०० मुलांना ३०-३०च्या वर्गांत शिकवायला २० शिक्षक लागतात, २०-२०च्या वर्गांत ३०. म्हणजे खर्च तेवढाच ठेवायचा तर प्रत्येकाचा पगार एक तृतीयांशाने कमी, शिवाय दहा वर्गखोल्या जास्त.

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये तिसरीपर्यंतचे वर्ग २०वर आणायला दर मुलामागे ६५० डॉलर अनुदान दिलं. शिक्षक एकदम कुठून येणार? पात्रता पूर्ण नसलेल्यांना तात्पुरत्या परवान्यावर घ्यावं लागलं. अनुभवी शिक्षक सधन जिल्ह्यांकडे वळले, गरीब मुलांच्या वाट्याला नवखे आले. सर्वांत मोठं नुकसान हेच.

पगारवाढीतही खाच आहे. बहुतेक जिल्ह्यांत वेतन सेवेची वर्षं आणि पदवीवर ठरतं, विषयावर नाही. सरसकट वाढ देऊनही गणित आणि विशेष शिक्षणाच्या जागा भरणं अवघडच राहतं. तिथे वेगळा भत्ता द्या.