वाचक विचारतात : चांदीची नाणी

प्रश्न : आजीच्या डब्यात ४२ जुने चांदीचे रुपये निघाले. सराफ सगळे एकाच भावाने मोडीत घ्यायला तयार आहेत. द्यावेत का? (कऱ्हाड)

उत्तर : एकाच भावाने मुळीच देऊ नका. आधी साल बघून ढीग करा. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे १९३९पर्यंतचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर एक तोळ्याचे. चांदी ९१.६७ टक्के, एका रुपयात चोख चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५चे रुपये वजनाला तेवढेच, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. १९४७चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा, चुंबकाला चिकटतो. सगळ्यांना निम्म्या चांदीचा भाव लागला, तर जुन्या ढिगात जवळजवळ ४५ टक्के चांदी फुकट जाते.

खात्री घरीच करता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. मग रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. न झिजलेल्या जुन्या रुपयाला काटा १.१३च्या आसपास येतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२, जर्मन सिल्व्हरला (नावात चांदी असली तरी तो चांदी नसलेला मिश्रधातू) त्याहून जास्त. झिजलेल्या नाण्याचे कोरडे वजन पाण्यात आलेल्या त्याच्याच आकड्याने भागा : जुन्या रुपयाला उत्तर १०.३च्या जवळ हवे. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, तेव्हा ते आधी झटका.

साल १९११ किंवा १९३९ असेल, तर ते नाणे बाजूला ठेवा. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला. १९३९चा तर दुर्मिळच, म्हणून त्याच्या नकलाही फार. अशी नाणी सराफाला नव्हे, नाण्यांच्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : धनत्रयोदशीला ‘जुना राणी छाप, ९९९’ म्हणून १० ग्रॅमचे नाणे घेतले. गुंतवणूक म्हणून दरवर्षी असेच घेत जाऊ का? (नाशिक)

उत्तर : नाणे जुने नाही. खरा राणी छाप ना ९९९ (म्हणजे ९९.९ टक्के चोख) असतो, ना १० ग्रॅमचा. तुमचा अलीकडे पाडलेला आहे. चांदी चोख असेल तर बिघडले काही नाही (पाण्यातल्या काट्यावर ०.९५ यायला हवे), पण जुनेपणाचे जादा पैसे दिले असतील तर ते गेले. गुंतवणूकच करायची तर दहा-दहा ग्रॅम कशाला? छोट्या नाण्याला दर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते, वर ३ टक्के जीएसटी. मोडताना दोन्ही परत मिळत नाहीत. पैसे साठवून १०० ग्रॅमची वीट घ्या. घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, परत घेताना किती टक्के कापणार, आणि ते बिलावर लिहून घ्या. बिल जपा. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकल्यास तुमच्या प्राप्तिकराच्या स्लॅबप्रमाणे.

प्रश्न : काळी पडलेली नाणी चिंचेने घासून मुलाबरोबर अमेरिकेला पाठवायची आहेत. (पुणे)

उत्तर : दोन्ही नको. घासल्याने बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहक भाव पाडतात. काळेपणा गंधकाचा, आणि गंधक रबरबँड व वर्तमानपत्राच्या कागदातूनही येतो; तेवढे नाण्यांजवळून काढा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही.