कुत्रा जन्मतः बहिरा आहे, त्याला शिकवायचं कसं?

हाताच्या खुणांनी. पण आधी तुमच्याकडे बघायची सवय लावा. नजरच नसेल तर खूण वाया जाते. त्याने आपणहून पाहिलं की लगेच अंगठा वर करा आणि सेकंदभरात खाऊ द्या. सराव २-३ मिनिटांचाच, दिवसातून ४-५ वेळा. अंगठा म्हणजे ‘शाब्बास’ हे पक्कं झाल्यावरच ‘बस’, ‘ये’ घ्या. घरातल्या सगळ्यांची खूण एकच हवी, गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. लांबून बोलवायला कंप देणारा पट्टा चालतो (विजेचा झटका देणारा अजिबात नको): कंप, लगेच खाऊ, हे आधी घरात जुळवा. झोपेत अचानक हात लावू नका, बिचारा दचकून चावू शकतो. नाकाजवळ हात धरा, वासाने जागा होऊ द्या. कुंपण नसलेल्या जागी दोरी कधीच सोडू नका.